धडधाकट माणूस टेबलावर : लायपोसक्शनची शंभर वर्षं

(वैद्यकाच्या इतिहासावरील व्याख्यानमालेतल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



इतिहासाच्या व्याख्यानमालेत लायपोसक्शन कुठून आलं, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. हा विषय आपल्याला माहीत असतो तो जाहिरातीतून. पोटाचे दोन फोटो शेजारी शेजारी, एक आधीचा, एक नंतरचा. पण या शस्त्रक्रियेच्या मागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यात एक कोर्टकचेरी आहे, एक कापलेला पाय आहे, आणि एक नळी आहे जी भलत्याच कामासाठी तयार झाली होती. या सगळ्यातून एक प्रश्न पुन्हा पुन्हा वर येतो. ज्या माणसाला काहीही आजार नाही, त्याच्या शरीरावर शस्त्र चालवताना किती धोका पत्करायचा? आज आपण याच प्रश्नाचा माग घेणार आहोत.

प्लास्टिक सर्जरीचा इतिहास म्हटलं की आपण सुश्रुताचं नाव घेतो, आणि मग पुण्याचंही घ्यावं लागतं. १७९४च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक वृत्तांत छापून आला. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं, त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिरानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. हा वृत्तांत वाचून युरोपातले सर्जन त्या पद्धतीच्या मागे लागले.

आता कावसजीच्या बाबतीत कोणी विचारणार नाही की बाबा, ही शस्त्रक्रिया कशाला? नाक गेलं होतं, ते परत दिलं. यात नुकसानीची भरपाई आहे. लायपोसक्शनमध्ये मात्र तसं नाही. तिथे पाय चालतोय, पोटातली इंद्रियं ठीक आहेत, रक्त वाहतंय, फक्त आकार मनासारखा नाही. म्हणजे शस्त्रक्रियेआधी माणूस धडधाकट असतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

पॅरिसचा खटला

चरबी कापून काढायचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये हॉवर्ड केली नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. त्यांनी १८९९ साली पोटावरची लोंबणारी चरबी कातडीसकट आडवी कापून काढली. ही पद्धत पुढे चालू राहिली. पण तिच्यात व्रण मोठा राहतो, या कुशीपासून त्या कुशीपर्यंत. म्हणून सर्जनांच्या डोक्यात एकच विचार होता, की छोट्याशा छिद्रातून आत जाऊन चरबी काढता येईल का?

पॅरिसमध्ये शार्ल दुजारिए या नामवंत सर्जननं १९२०च्या दशकात हा प्रयत्न केला. एका तरुण स्त्रीला आपल्या पोटऱ्या जाड वाटत होत्या, त्या सडपातळ करून हव्या होत्या. दुजारिएनं त्यासाठी जे हत्यार वापरलं असं वैद्यकीय इतिहासात सांगतात, ते होतं क्युरेट. आपल्याकडे बायका ‘क्युरेटिंग केलं’ म्हणतात ना, त्यातलं क्युरेट. लांब दांड्याचा, धारदार कडेचा चमचा. गर्भपिशवी आतून खरवडायला केलेला हा चमचा पायात घालून चरबी खरवडली गेली.

पण पाय म्हणजे काही पिशवी नव्हे. चरबीच्या त्या थरातून रक्तवाहिन्या जातात, नसा जातात. धारदार चमच्याला चरबी कोणती आणि रक्तवाहिनी कोणती हे कळत नाही. पायाचा रक्तपुरवठा बिघडला, गँगरीन झालं, आणि अखेर तो पाय कापावा लागला.

प्रकरण कोर्टात गेलं. १९२९ साली पॅरिसच्या न्यायालयानं दोन लाख फ्रँकची भरपाई द्यायला सांगितली. त्या पैशापेक्षा निकालातला तर्क महत्त्वाचा आहे. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की निरोगी अवयवावर, केवळ त्याची ठेवण सुधारण्यासाठी, खराखुरा गंभीर धोका असलेली शस्त्रक्रिया हाती घेणं हाच मुळात दोष आहे. म्हणजे सर्जनचा हात चुकला की नाही हा पुढचा प्रश्न, हातात सुरी घेतली तिथेच चुकलं.

तुम्ही म्हणाल, हे फार झालं. तसं वरच्या न्यायालयालाही वाटलं. १९३१ साली अपिलात हा सरसकट नियम बाजूला ठेवला गेला. पण सर्जन सुटला नाही. धोक्याची पुरेशी कल्पना न देता घेतलेल्या संमतीला अर्थ नाही, या मुद्द्यावर जबाबदारी त्याच्यावर राहिली. आज ऑपरेशनच्या आधी आपण जो संमतीचा कागद घाईघाईनं सही करून टाकतो, त्याच्या मागे अशा खटल्यांचा इतिहास आहे.

या प्रकरणानंतर चरबी खरवडून काढण्याचं धाडस जवळजवळ चार दशकं फारसं कोणी केलं नाही.

धार गेली, तेव्हा जमलं

पुढचा अंक रोममधला. आर्पाद फिशर आणि जॉर्जिओ फिशर, बाप-लेक. १९७०च्या दशकाच्या मध्यात त्यांनी एक यंत्र केलं. पोकळ नळी, तिला शोषणारा पंप जोडलेला, आणि नळीच्या आत मोटरवर फिरणारं पातं. छोट्या छिद्रातून आत जायचं, पात्यानं चरबी कापायची, पंपानं ओढून घ्यायची. खरवडण्याच्या जोडीला शोषण आलं ते इथे. स्वित्झर्लंडमध्ये केसेलरिंग आणि मेयर यांनीही शोषणाला जोडलेलं धारदार हत्यार वापरलं. पण दोन्हीकडे आत पातं होतंच. रक्त जायचं, आत पोकळी राहायची, तिच्यात पाणी साचायचं.

मग १९७७ साली पॅरिसमध्ये इव्ह-जेरार इलूझ यांच्याकडे एक अभिनेत्री आली. तिच्या पाठीवर चरबीची गाठ होती, आपण लायपोमा म्हणतो ती. साधं काम. चीर द्यायची, गाठ काढायची. पण तिला पाठीवर लांब व्रण नको होता. इलूझ यांनी लहानशा छिद्रातून एक बोथट टोकाची नळी घातली आणि गाठ शोषून काढली. कातडी व्यवस्थित बसली.

ही नळी कुठली? ही कार्मन कॅन्युला, गर्भपातासाठी वापरली जाणारी. हार्वी कार्मन हा कॅलिफोर्नियातला माणूस डॉक्टर नव्हता. बोथट टोकाची लवचिक प्लॅस्टिकची नळी त्यानं प्रचारात आणली, म्हणजे गर्भपिशवी खरवडायची गरज उरत नाही, हलक्या शोषणानं काम होतं. १९७२ साली, बांगलादेश युद्धानंतर, अत्याचार झालेल्या स्त्रियांसाठी हे तंत्र घेऊन तो ढाक्याला गेला होता. आपल्याकडे याच सुमाराला गर्भपाताचा कायदा झाला, १९७१चा. तो ज्या समितीच्या शिफारशींवर उभा आहे, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा होते.

मी हे विषय सोडून सांगत नाहीये. गंमत बघा. केली स्त्रीरोगतज्ज्ञ. दुजारिएचं क्युरेट स्त्रीरोगतज्ज्ञांचं. इलूझची नळी पण तिकडचीच. आणि दोन्हीकडे बदल एकाच दिशेनं झाला, खरवडण्याकडून शोषण्याकडे. गर्भपात त्यामुळे जास्त सुरक्षित झाला, आणि चरबी काढणंही.

का झालं, ते समजून घेऊ. कातडीखालची चरबी मऊ असते. तिच्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या, नसा, तंतू मात्र चिवट असतात. बोथट नळी आत-बाहेर केली की मऊ चरबी तुटून ओढली जाते, आणि चिवट धागे बाजूला सरकतात. आत एक मोठी पोकळी होण्याऐवजी बारीक बारीक बोगदे तयार होतात. मधले धागे कातडीला खालच्या थराशी धरून ठेवतात. त्यामुळे कातडी सुटत नाही, मरत नाही, हळूहळू आकसून बसते. फिशर पितापुत्रांच्या यंत्रातलं पातं काढून टाकलं, तेव्हा ही शस्त्रक्रिया जमली. नवीन काही घातलं म्हणून जमली असं नाही.

इलूझ आणखी एक गोष्ट करत. शोषण्याआधी ते त्या भागात सलाईनसारखा द्राव टोचत. त्यांची कल्पना अशी की त्यानं चरबीच्या पेशी फुटतील. ती कल्पना बरोबर ठरली नाही, पण द्रावाचा फायदा झाला. पॅरिसमधलेच पिएर फुर्निए मात्र सुरुवातीला कोरड्या पद्धतीचे पुरस्कर्ते होते. १९८२च्या सुमाराला अमेरिकेतले सर्जन पॅरिसला येऊन हे सगळं बघून गेले आणि ही शस्त्रक्रिया अटलांटिकपार पोचली.

पाणी

तरी एक मोठी अडचण राहिली होती. रक्त. कोरड्या पद्धतीत जे बाहेर येतं त्यात २० ते ४५ टक्के रक्तच असे. म्हणजे दोन लिटर काढलं तर अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त गेलं. लोक आधीच स्वतःचं रक्त काढून साठवून ठेवत. आणि काळ कोणता? १९८०चं दशक, एड्सची भीती नुकती पसरलेली. दुसऱ्याचं रक्त घ्यायचं म्हटलं की पोटात गोळा. पूर्ण भूल, हॉस्पिटलचा मुक्काम, रक्ताची बाटली. सगळं कशासाठी, तर मांडीच्या आकारासाठी.

यातून वाट काढली ती सर्जननं नाही, कातडीच्या डॉक्टरनं. कॅलिफोर्नियातले जेफ्री क्लाइन. १९८७ साली त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिला म्हणतात ट्युमेसंट, म्हणजे टरटरून फुगवलेली. एक लिटर सलाईन घ्यायचं, त्यात लिग्नोकेन मिसळायचं, तेच जे दाताचा डॉक्टर हिरडीत टोचतो, पण खूप पातळ करून. आणि १ मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन. हा द्राव चरबीत इतका भरायचा की तो भाग कलिंगडासारखा घट्ट व्हावा. ॲड्रेनॅलिननं रक्तवाहिन्या आकसतात, लिग्नोकेननं बधिरता येते. माणूस जागा, बोलतोय, आणि काम चालू. रक्ताचं प्रमाण बाहेर आलेल्याच्या एक टक्क्याच्या आसपास आलं.

इथे औषधाच्या मात्रेचा हिशेब बघण्यासारखा आहे. ॲड्रेनॅलिनबरोबर लिग्नोकेन द्यायची नेहमीची मर्यादा आहे वजनाच्या दर किलोला ७ मिलिग्रॅम. क्लाइन यांनी १९९० साली दाखवलं, की असं पातळ करून चरबीत दिलं तर ३५ पर्यंत चालतं. पुढे १९९६ साली इतरांनी ५५चा आकडा मांडला. ६० किलोच्या बाईला ४२० ऐवजी ३३०० मिलिग्रॅम. हे चालतं कारण चरबीतून औषध रक्तात फार सावकाश उतरतं. पण सावकाश उतरतं याचाच दुसरा अर्थ असा, की रक्तातली पातळी सर्वांत वर जाते ती साधारण बारा तासांनी. तेव्हा डॉक्टर घरी गेलेला असतो, आणि पेशंटही.

क्लाइन यांच्या पद्धतीनं काम करणाऱ्यांची नोंद मात्र उत्तम होती. १९९५ साली १५,३३६ पेशंटांचा एक आढावा आला, केवळ स्थानिक भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियांचा. त्यात मृत्यू एकही नव्हता.

सोपं झालं, आणि मग

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण इतिहास इथेच वळण घेतो.

रक्त जात नाही म्हटल्यावर सर्जनांनी विचार केला, मग जास्त का काढू नये? दोन लिटरचे पाच झाले, पाचाचे दहा. ट्युमेसंटचं पाणी ठेवलं, पण वरून पूर्ण भूलही दिली. एकाच दिवशी पोटाची कातडीही कापली. आणि हॉस्पिटल लागत नाही म्हटल्यावर ही शस्त्रक्रिया छोट्या क्लिनिकमध्ये गेली, ज्यांनी सर्जरी कधी शिकली नव्हती अशांच्याही हातात गेली. एका सावध डॉक्टरनं धोका कमी करण्यासाठी काढलेली युक्ती, दुसऱ्यांनी धोका वाढवण्यासाठी वापरली.

१९९९ साली न्यूयॉर्क शहराच्या मृत्युतपासणी कार्यालयातल्या डॉक्टरांनी लायपोसक्शननंतरच्या पाच मृत्यूंचा अहवाल प्रसिद्ध केला. कोणाचा रक्तदाब शस्त्रक्रिया चालू असताना एकदम कोसळला, कोणाच्या शरीरात पाणी जास्त झालं, कोणाच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी गेली. पुढच्या वर्षी अमेरिकन प्लास्टिक सर्जनांची मोठी पाहणी आली. ४,९६,२४५ शस्त्रक्रिया, ९५ मृत्यू. म्हणजे साधारण पाच हजारांत एक. सर्वांत वर कारण होतं फुप्फुसात जाणारी गुठळी, आणि त्याखालोखाल नळी पोटाच्या भिंतीतून आत घुसून आतडी फुटणं.

हे दोन आकडे, शून्य आणि पाच हजारांत एक, शेजारी ठेवताना जपून ठेवावेत. दोन्ही डॉक्टरांनी स्वतः दिलेल्या माहितीवर आहेत, आणि पेशंटही वेगवेगळे. पण फरक कुठून येतो हे त्यातून दिसतं. नळी तीच आहे, पाणी तेच आहे. किती काढलं, कशाबरोबर काढलं, कुठली भूल दिली आणि नंतर कोण लक्ष ठेवून होतं, इथे फरक पडतो. पुढे अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संस्थेनं पाच लिटरची रेघ मारली. त्यावर गेलं की मोठी शस्त्रक्रिया समजायची, हॉस्पिटलमध्ये किंवा मान्यताप्राप्त केंद्रातच करायची, रात्रभर देखरेखीखाली ठेवायचं.

आणि पाच हजारांत एक म्हणजे जास्त की कमी? हृदयाच्या शस्त्रक्रियेत हा आकडा ऐकून आपण पेढे वाटू. पण तिथे न करण्यातही मृत्यू असतो. इथे न करण्यात काय असतं? जुनी पँट घट्ट होते, एवढंच. धडधाकट माणसासाठी तराजूचं दुसरं पारडंच वेगळं असतं.

मग मिळतं काय?

लोकांच्या मनात असं असतं की चरबी काढली म्हणजे वजन उतरलं, म्हणजे शुगर, बीपी, हृदय सगळं सुधारेल. तर्क चुकीचा वाटत नाही. म्हणून तो तपासलाही गेला. २००४ साली अमेरिकेत सॅम्युएल क्लाइन, हे दुसरे क्लाइन, यांच्या गटानं १५ लठ्ठ स्त्रियांवर अभ्यास केला. त्यातल्या सात जणींना मधुमेह होता. प्रत्येकीच्या पोटावरची साधारण नऊ-दहा किलो चरबी काढली. दहा-बारा आठवड्यांनी सगळ्या तपासण्या केल्या. इन्शुलिन, साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल. काहीही सुधारलं नव्हतं.

कारण समजायला कठीण नाही. लायपोसक्शननं निघते ती कातडीखालची चरबी, चिमटीत येते ती. मधुमेहाशी ज्या चरबीचं जास्त वाकडं आहे ती आत असते, आतड्यांभोवती, यकृतात. तिथे नळी जात नाही, आणि जाऊही नये. शिवाय जेवण कमी करून माणूस बारीक होतो तेव्हा शरीरातल्या सगळ्याच चरबीपेशी लहान होतात. नळीनं फक्त त्यांची संख्या एका जागी कमी होते.

२०११ साली आणखी एक अभ्यास आला. लठ्ठ नसलेल्या ३२ स्त्रिया, त्यातल्या १४ जणींचं लायपोसक्शन झालं. सहा आठवड्यांनी फरक स्पष्ट होता. वर्षानंतर एकूण चरबीत दोन गटांत फरक उरला नव्हता. आणि चरबी परत आली ती मांडीवर नाही, पोटाकडे.

याचा अर्थ ही शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे असा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. वजन आटोक्यात असलेल्या माणसाच्या मांडीवर, कमरेवर, हनुवटीखाली हट्टानं बसलेला एखादा फुगवटा कमी करायला ती चांगली आहे. पुरुषांच्या वाढलेल्या छातीसाठी, चरबीच्या गाठींसाठी, लिपिडीमा नावाच्या पाय दुखवणाऱ्या आजारासाठी तिचा खरा उपयोग आहे. तिला बॉडी कॉन्टूरिंग म्हणतात ते योग्य आहे. कॉन्टूर म्हणजे बाह्यरेषा. शिंपी कपड्याला टक्स घालतो तशी ती रेषा नीट करते. कापड बदलत नाही.

नंतर अल्ट्रासाउंड आलं, लेसर आलं, थरथरणाऱ्या नळ्या आल्या. प्रत्येक वेळी जाहिरात झाली की आता काही त्रास नाही. यंत्रांनी सर्जनचे श्रम कमी केले हे खरं. पण उष्णता वापरणाऱ्या यंत्रांनी भाजण्याचा नवा धोका आणला, आणि गुठळीचा जुना धोका कुठल्याही यंत्रानं गेला नाही. आपल्या देशातलं उदाहरण लांबचं नाही. मे २०२२मध्ये बंगळूरूत २१ वर्षांची एक कन्नड मालिकांतली अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. एकविसाव्या वर्षी.

म्हणून तुमच्या घरातलं कोणी, मुलगी असेल, सून असेल, पुतण्या असेल, हे करायचं म्हणत असेल, तर त्यांना हसू नका. आणि ‘देवानं दिलंय ते राहू दे’ असं सांगून गप्पही करू नका. स्वतःच्या शरीराबद्दल ठरवण्याचा हक्क त्यांचा आहे, अपिलातल्या न्यायालयानंही तो हक्क काढून घेतला नाही. त्यांच्यासोबत जा आणि पाच गोष्टी विचारा. सर्जनची पदवी कोणती, प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी आहे का? किती लिटर काढणार? भूल कोणती, आणि ती देणारा भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असेल का? त्याच दिवशी दुसरं काही करणार आहात का? आणि रात्री काही झालं तर आयसीयू कुठे आहे?

या प्रश्नांची उत्तरं शांतपणे देणारा डॉक्टर बहुधा चांगला असतो. जो म्हणतो, ‘अहो, काही नाही हो, संध्याकाळी घरी’, त्याला पॅरिसचा खटला आठवून नमस्कार करावा आणि बाहेर पडावं.

१९२९चं न्यायालय टोकाला गेलं असेल. पण टेबलावरचा माणूस चालत आलेला आहे आणि त्याला चालतच परत जायचं आहे, हे त्यानं बरोबर ओळखलं होतं.

इथे थांबते. प्रश्न असतील तर जरूर विचारा.